सायकल परदेशी नेऊन परत आणताना कस्टम ड्युटी लागते का? (स्पर्धा, सुट्टी, खेळाचं सामान)

चढावर_दम | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४२

मंडळी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला लंकावीला ट्रायथलॉन आहे. वय बेचाळीस, पहिलीच मोठी स्पर्धा, बायको सोबत येतेय (तिच्या मते ही सुट्टी आहे, माझ्या मते परीक्षा). पुणे ते मुंबई गाडीने, तिथून सिंगापूर, मग लंकावी. येताना दोन दिवस सिंगापूरला मुक्काम.

सायकल कार्बनची आहे. २०२१ मध्ये बेंगळुरूच्या एका रायडरकडून सेकंडहँड घेतली. बिल नाही. त्यानेही ती कुणाकडून तरी घेतलेली. पैसे बँकेतून दिले, एवढाच काय तो पुरावा. आज अशी सायकल नवी घ्यायची तर साडेतीन-चार लाख मोजावे लागतील.

आता ग्रुपवर एकाने घाबरवून ठेवलंय की परतताना कस्टमवाले बॉक्स उघडायला लावतात, "ही बाहेरून आणली" म्हणतात आणि बिल मागतात. बिल नसेल तर ड्युटी. म्हणजे माझीच सायकल, मीच घेऊन जाणार, मीच परत आणणार, आणि तिच्यावर कर?

दुसरा प्रश्न. एका मित्राला सिंगापूरहून कार्बनच्या चाकांची जोडी हवी आहे, साधारण १,४०,००० रुपयांची. मी आणू का? आणली तर किती लागेल? तो म्हणतो "काही लागत नाही रे, खेळाचं सामान आहे." कस्टमच्या पुस्तकात खेळाच्या सामानाला अशी माफी असते का?

---

कोल्हापुरी_पेडल | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

लागत नाही, पण लागू शकते. उत्तर विचित्र वाटेल, माझा अनुभव तसाच आहे.

दोन वर्षांपूर्वी कझाकस्तानातल्या अस्तानाहून परत आलो. पहाटे साडेतीन वाजता पट्ट्यावर बॉक्स आला तेव्हा त्यावर खडूने फुली मारलेली. आतल्या बाजूला स्कॅनरवर काही दिसलं की बॅगेवर खूण करतात, बाहेरच्याला तेवढीच खबर. मला बाजूला घेतलं. "नवीन आहे?" "नाही साहेब, माझीच." "बिल?" बिल होतं, पण कोल्हापुरात कपाटात.

मग मोबाईल काढला. जोतिबाच्या घाटात काढलेले फोटो, दोन वर्षांपूर्वीचे. ॲपवरच्या राईड्स, तारखांसकट. टायर झिजलेले, चेनला ग्रीस, हँडलच्या पट्टीला माझ्या घामाचे डाग. साहेब माणूस चांगला होता. शेवटी सीटवरची खरचटलेली खूण आणि फोटोतली खूण जुळली तेव्हा सोडलं. या सगळ्यात दीड तास गेला. स्पर्धेपेक्षा जास्त धडधड तिथे झाली.

विमानतळाचं नाव सांगत नाही. कुठेही होऊ शकतं.

---

निवृत्त_सीमाशुल्क | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

नाव वाचून ओळखलं असेलच. एकतीस वर्षं या खात्यात काढली, त्यातली नऊ विमानतळावर. प्रश्न दोन आहेत, उत्तरंही वेगवेगळी आहेत, त्यांची मिसळ करू नका.

पहिला, तुमची स्वतःची सायकल. देशातून बाहेर नेलेली आणि तशीच परत आणलेली वस्तू म्हणजे खरेदी नव्हे, तिच्यावर बॅगेजची ड्युटी पडत नाही. भांडण कायद्याचं नसतं, पुराव्याचं असतं. समोरच्या अधिकाऱ्याला तुम्ही काय घेऊन गेलात हे माहीत नाही. त्याला दिसतो एक मोठा बॉक्स आणि आत महागडी वस्तू. म्हणून जातानाच 'एक्स्पोर्ट सर्टिफिकेट' घ्यायचं. निर्गमनाच्या बाजूला कस्टमचं काउंटर असतं. बॅग चेक-इन करण्याआधी तिथे जायचं, कारण वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोणी सही करत नाही. बॉक्स एकदा पट्ट्यावर गेला की विषय संपला.

सर्टिफिकेटवर ब्रँड, मॉडेल, रंग आणि मुख्य म्हणजे सीरियल नंबर लिहून घ्या. सायकलचा नंबर बहुतेक वेळा पेडलच्या दांड्याजवळ, फ्रेमच्या पोटाखाली असतो. घरीच टॉर्च लावून शोधा, तिथे रात्री बारा वाजता सायकल उलटी करत बसू नका. चाकं, जीपीएस कॉम्प्युटर, पॉवर मीटर, जे जे महाग आहे ते सगळं त्यात आलं पाहिजे. मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, सायकलच्या बॉक्समध्ये नको. मी असे लोक पाहिलेत की ज्यांचं सर्टिफिकेट उघडायच्या बॉक्सच्या तळाशी होतं.

बिल नसलं तरी सर्टिफिकेट मिळतं. ते एवढंच सांगतं की अमुक माणसाने अमुक तारखेला ही वस्तू बाहेर नेली. बँकेची नोंद सोबत ठेवा, विचारलंच तर बोलायला बरी पडते.

दुसरा, चाकं. खेळाच्या सामानाला वेगळी माफी नाही. बॅगेज नियम २०१६ प्रमाणे नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून इतर देशांतून येणाऱ्या भारतीय रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू मोफत. वर जे असेल त्यावर ३५ टक्के, आणि त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे ३८.५ टक्के. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) बॅगेजला लागत नाही. तुमचं गणित: १,४०,००० वजा ५०,००० म्हणजे ९०,०००. त्यावर ३४,६५० रुपये. मित्राला आत्ताच सांगा, परत आल्यावर सांगितलंत तर मैत्री राहणार नाही.

आणि ती ५०,००० ची मर्यादा चॉकलेट, परफ्यूम, बायकोची पर्स, सगळ्याला मिळून आहे. चाकांसाठी राखीव नाही.

---

टिंगल_मास्तर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

सोपं आहे की. पुढचं चाक तुझ्या नावावर, मागचं वहिनींच्या नावावर. दोघांचे मिळून एक लाख मोफत. उरले चाळीस हजार. 😄

---

निवृत्त_सीमाशुल्क | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:५२

हे तुम्ही गमतीने लिहिलंत, पण काउंटरवर लोक हेच गंभीर चेहऱ्याने सांगतात. नियमात स्पष्ट आहे: एका प्रवाशाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिळवता येत नाही. चाकांची जोडी एका बिलावर एक वस्तू. नवरा-बायको असलात म्हणून ती अर्धी अर्धी होत नाही. टीव्हीच्या बाबतीत एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं की पडदा माझा आणि स्टँड हिचा.

---

टिंगल_मास्तर | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:०१

मग दुसरी युक्ती. नवी चाकं सायकलला लावायची, जुनी तिथेच सोडायची. सायकल तर स्वतःचीच आहे ना?

---

निवृत्त_सीमाशुल्क | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

आणि सर्टिफिकेटवर जुन्या चाकांचं नाव असेल तेव्हा?

---

बर्फातली_बाई | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१२

झुरिचहून लिहितेय. इथे आमच्याकडे हिवाळा आला की सीमेवर स्कीचीच चर्चा. जर्मनीत कॉन्स्टान्झला ट्रेनने जायचं, स्की घ्यायच्या आणि परत यायचं, हा इथल्या मध्यमवर्गाचा शनिवारचा उद्योग. आमच्या मंडळातले निम्मे लोक दिवाळीनंतर तिथेच भेटतात.

स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरचं सीमाशुल्क पूर्ण काढून टाकलं. त्यामुळे स्कीवर 'ड्युटी' शून्य. पण व्हॅट आहे, ८.१ टक्के. त्याची माफीची मर्यादा आधी माणशी ३०० फ्रँक होती, १ जानेवारी २०२५ पासून ती १५० केली. आणि इथला काटा असा की १५० ओलांडलं तर फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण रकमेवर व्हॅट. चाढाव दादा, तुमच्याकडे निदान ५०,००० वजा तरी होतात!

माझा हिशेब सांगते. मागच्या वर्षी ४८० युरोच्या स्की घेतल्या. दुकानात परतीचा फॉर्म मागितला, सीमेवर शिक्का मारून घेतला, जर्मनीचा १९ टक्के व्हॅट परत, साधारण ७६ युरो. इकडे मोबाईलवर 'क्विकत्सोल' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात सीमा ओलांडण्याआधी रक्कम टाकून स्विस व्हॅट भरला, साधारण ३० फ्रँक. कुणाशी बोलावं लागलं नाही. पहिल्या वर्षी मी ॲप न वापरता ट्रेनमध्ये घाम पुसत बसले होते, तेव्हा नवरा म्हणाला, "तीस फ्रँकसाठी एवढी भीती वाटते तर भर ना बाई."

मुलांच्या स्की मात्र आम्ही विकत घेतच नाही. हंगामभर भाड्याने मिळतात, दरवर्षी पाय वाढतात.

---

चढावर_दम | ६ ऑक्टोबर, दुपारी २:४०

ताई, "चाढाव" नाही, "चढाव"! पण तुमच्या चढावाला बर्फ असतो, आमच्याला खड्डे, त्यामुळे चालेल.

काका, मनापासून धन्यवाद. सीरियल नंबर शोधला. पोटाखालीच होता, चार वर्षं सायकल चालवतोय आणि आज पहिल्यांदा पाहिला.

---

थामेलचा_जाकीट | ६ ऑक्टोबर, रात्री ८:१८

नेपाळवाल्यांनी इथे कान टवकारा. आम्ही दरवर्षी पुण्याहून ट्रेकला जातो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, मग सुनौलीची हद्द चालत. काठमांडूच्या थामेलमध्ये डाऊन जॅकेट, डफल, ट्रेकिंग पोल घेतो, सगळं तिथे स्वस्त (आणि त्यावरचा ब्रँड किती खरा हे विचारू नये).

काकांनी नेपाळला वर वगळलंय ते यासाठी: २०१६ च्या नियमांत नेपाळ, भूतान, म्यानमारहून विमानाने आलात तर मर्यादा ५०,००० नाही, १५,०००. आणि जमिनीवरून आलात तर नव्या वस्तूंना मर्यादाच नाही, म्हणजे शून्य! फक्त वापरलेलं वैयक्तिक सामान. बरोबर ना काका?

---

निवृत्त_सीमाशुल्क | ६ ऑक्टोबर, रात्री ९:०५

बरोबर. त्यामुळे सुनौलीहून परतताना तुमची सगळी जॅकेटं अंगावर असतात, हे मला कळत नाही असं समजू नका.

---

थामेलचा_जाकीट | ६ ऑक्टोबर, रात्री ९:०९

जूनमध्येसुद्धा, काका. 🙈

---

शिवाजीपार्क_ते_ऑकलंड | ७ ऑक्टोबर, सकाळी ५:५०

तुम्ही लोक पैशावर भांडताय, इकडे न्यूझीलंडला वेगळंच. इथे ड्युटीपेक्षा चिखलाची भीती.

गेल्या वर्षी दादरहून परत येताना किटबॅगेत क्रिकेटचे स्पाइक होते. शिवाजी पार्कवर जुन्या गँगबरोबर दोन मॅचेस खेळलो होतो, त्याची लाल माती खिळ्यांत अडकलेली. इथे येताना भरायच्या घोषणापत्रात विचारतात: वापरलेले बूट, तंबू, सायकल, गोल्फचं, मासेमारीचं सामान आणलंय का. मी 'हो' लिहिलं. तिथल्या अधिकारी बाईंनी बूट हातात घेतले, खिळे बघितले आणि म्हणाल्या, "ही माती कुठली?" काय सांगू? तेंडुलकर खेळला त्या मैदानाची? बूट आत नेले, धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिले. पैसे घेतले नाहीत. माझ्या आयुष्यात ते बूट एवढे स्वच्छ कधीच नव्हते.

माझ्या मागच्या माणसाने 'नाही' लिहिलं होतं. त्याच्या ट्रेकिंग बुटांना वाळकं गवत चिकटलेलं. जागेवर ४०० डॉलर दंड.

ही कटकट उगाच नाही. इथल्या कौरी नावाच्या प्रचंड झाडांना मुळातून मारणारा एक रोग आहे, तो मातीतून, बुटांच्या तळव्यांतून पसरतो. जंगलातल्या वाटांवरही तोंडाशी बूट घासायचे ब्रश ठेवलेले असतात. त्यामुळे बूट जातानाच घरी घासा. बॅटही घोषित करा, लाकूड आहे. ऑस्ट्रेलियाच्या कार्डावरही मातीचा आणि खेळाच्या सामानाचा प्रश्न असतो.

---

ग्रीनचॅनेल_राजा | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:२५

एवढं काय मनावर घेता? हिरव्या वाटेने मान खाली घालून चालायला लागायचं. मी तीन वर्षांत दोन रॅकेट-सेट, एक रोईंग मशीनचा मॉनिटर आणि एक गोल्फ ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) आणलाय. एकदाही कोणी विचारलं नाही. प्रामाणिकपणा म्हणजे स्वतःहून खिसा कापून घेणं.

---

कोल्हापुरी_पेडल | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

राजे, ड्रायव्हर छत्रीसारखा दिसतो. सायकलचा बॉक्स लपत नाही. तो पट्ट्यावर येतो तेव्हा सगळी रांग बघते.

---

निवृत्त_सीमाशुल्क | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

ग्रीनचॅनेल_राजा, तुम्हाला कोणी विचारलं नाही, कारण रोज हजारो लोक उतरतात आणि उघडल्या जातात मोजक्या बॅगा. तो तुमचा हक्क नव्हता, नशीब होतं.

हिरवी वाट धरणं म्हणजेच "माझ्याकडे ड्युटीचं काही नाही" असं जाहीर करणं. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली ते तुमचं निवेदन होतं. मग वस्तू सापडली तर ती ड्युटी चुकवून आणलेली ठरते: जप्ती कलम १११, दंड ११२, सोडवायचीच असेल तर कलम १२५ खाली वेगळा दंड. त्या उलट तुम्ही स्वतः लाल वाटेला गेलात, तर ३८.५ टक्के भरा, पावती घ्या, घरी जा. ती पावती पुढच्या वेळी उपयोगी पडते, हे कोणाच्या लक्षात येत नाही: तीच वस्तू पुन्हा बाहेर नेलीत तर ती भारतात कायदेशीर आल्याचा तोच पुरावा.

---

साखळीचा_वड | ७ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४४

गोव्याहून एक इशारा, विषय किंचित बाजूचा आहे. डोंगर, दर्या फिरणारे लोक परदेशातून सॅटेलाईटवर संदेश पाठवणारं यंत्र आणतात, गार्मिनचं इनरीच वगैरे. भारतात परवान्याशिवाय ते चालत नाही. इथे ड्युटी भरून सुटका नाही, थेट पोलीस. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईला याच कारणाने थांबवलं होतं, बातम्या आल्या होत्या. तिला बिचारीला वाटलं, रनिंगचं सामान आहे.

आणि सुट्टीवरून ड्रोन आणणारे भाचे-पुतणे असतील तर त्यांनाही सांगा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण असे अपवाद सोडून. "हौस म्हणून" हा अपवाद नाही.

---

हॉकीची_आई | ८ ऑक्टोबर, पहाटे ३:१५

कॅनडातून, टोरांटोजवळून. माझा मुलगा आइस हॉकी खेळतो. (त्याच्या आजीला अजून वाटतं हॉकी म्हणजे ध्यानचंद.) स्पर्धेसाठी सारखं सीमेपलीकडे बफेलोला जावं लागतं. स्केट, हेल्मेट, काठ्या, गोलकीपरचं सामान, एवढं सगळं की आमची गाडी म्हणजे टेम्पो.

इथे निघण्याआधी सीमाशुल्क कार्यालयात सामान दाखवलं की एक छोटं कार्ड देतात, बीएसएफ ४०७. त्यावर वस्तू आणि सीरियल नंबर. फुकट. सीरियल नंबर नसेल तर ते ओळखीची चिकटपट्टी लावून देतात. तेच कार्ड पुन्हा पुन्हा चालतं, पाकिटात मावतं. अमेरिकेतही असाच फॉर्म आहे, ४४५७ नंबरचा.

पण तिकडे दुकानात काही घेतलं तर घड्याळ बघावं लागतं. २४ तासांपेक्षा जास्त राहिलात तर २०० डॉलरची सूट, ४८ तासांनंतर ८००. एका दिवसात जाऊन आलात तर सूट नाही. मी एकदा मॅच संपल्यावर स्केट घेतले आणि त्याच रात्री परतले, सगळ्यावर कर भरला. पुढच्या वेळी मुलाचे बाबा म्हणाले, "शनिवार-रविवार हॉटेल घेऊ." हॉटेलचा खर्च कर वाचला त्याच्या तिप्पट!

---

जुनी_कागदपत्रं | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

धागा वाचून राहवेना, म्हणून इतिहासाचं एक पान.

सुट्टीवरचा माणूस खेळाचं सामान बरोबर नेतो आणि परत आणतो, त्याला कर लावू नये, हे जगाने फार आधी मान्य केलंय. ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्कला पर्यटकांच्या सीमाशुल्क सवलतींचा करार झाला. त्यात 'वैयक्तिक सामान' म्हणजे काय याची यादी आहे: मासेमारीचा एक संच, बिनमोटारीची एक सायकल, साडेपाच मीटरपेक्षा लहान होडी, स्कीची एक जोडी, टेनिसच्या दोन रॅकेट. दोनच! तिसरी रॅकेट घेऊन उतरलात तर तुम्ही व्यापारी. १९९० च्या इस्तंबूल करारात नगांचे हे आकडे गळाले आणि यादी लांबली, त्यात सर्फबोर्ड, गोल्फ, डोंगर चढायचं सामान, हवेत उडायचे हँग ग्लायडर सगळं आलं.

मला त्या दोन रॅकेट फार आवडतात. कोणीतरी समितीत बसून ठरवलं असणार: एक तुटली तर?

---

परतीचा_पक्षी | ८ ऑक्टोबर, रात्री ९:३५

आम्ही पुढच्या वर्षी कायमचे परत येतोय, न्यू जर्सीहून नाशिकला. घरात दोन सायकली, गोल्फचा सेट, मुलीचं तलवारबाजीचं सामान. हे पण ५०,००० मध्येच बसवायचं का?

---

निवृत्त_सीमाशुल्क | ८ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नाही. तुम्ही दोन वर्षं किंवा जास्त बाहेर राहून निवास बदलताय, तुमची सूट वेगळी, वापरातल्या घरगुती सामानासाठी २०१६ च्या नियमांप्रमाणे पाच लाखांपर्यंत, अटी पूर्ण करत असाल तर. सायकली जुन्या आहेत हे दिसू द्या, चकचकीत करून आणू नका. हा स्वतंत्र धागा व्हावा, इथे लिहीत बसलो तर चढावाचा प्रश्न बुडेल.

---

चढावर_दम | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:०२

आलो. आधी स्पर्धेचं: चौदा तास एक्केचाळीस मिनिटं. पूर्ण केली. शेवटचे आठ किलोमीटर चालत. बायको म्हणाली सुट्टी छान झाली.

आता सीमाशुल्काचं, धागा त्याचा आहे.

जाताना मुंबईला उड्डाणाच्या साडेचार तास आधी पोचलो. कस्टमचं काउंटर शोधायला वीस मिनिटं गेली, कारण तिघांनी तीन दिशा दाखवल्या. तिथले अधिकारी आधी म्हणाले, "वापरलेली सायकल आहे, कशाला पाहिजे सर्टिफिकेट?" मी म्हटलं, परतताना कोणी विचारलं तर. मग बॉक्स उघडला. फ्रेमचा नंबर मी टेपवर लिहून चिकटवला होता, त्यांनी तो प्रत्यक्ष फ्रेमवर तपासला. चाकांचं मॉडेल लिहिलं, जीपीएस लिहिला. शिक्का, सही. बिल मागितलं नाही. सगळं मिळून चाळीस मिनिटं, त्यातली पंचवीस बॉक्स परत बांधण्यात गेली. ज्यांनी सायकल पॅक केली आहे त्यांना कळेल की दुसऱ्यांदा ती त्याच बॉक्समध्ये मावत नाही.

लंकावी हे १९८७ पासून करमुक्त बेट आहे, हे तिथे गेल्यावर कळलं. चॉकलेटच्या दुकानांची रांगच रांग. बायकोने तिच्या ५०,००० पैकी किती खाल्ले ते इथे लिहीत नाही.

चाकं आणली. मित्राला ३४,६५० चा आकडा आधीच सांगितला होता, त्याने अर्धा दिवस विचार केला आणि "आण" म्हणाला. सिंगापूरला दुकानात पासपोर्ट दाखवला, विमानतळावर यंत्रावर ९ टक्के जीएसटी परतीचा अर्ज केला.

मुंबईला उतरल्यावर दोन्ही बॉक्सवर खडूची फुली. मी सरळ लाल वाटेला गेलो. अधिकारी बाई होत्या. सायकलच्या बॉक्सकडे बोट दाखवलं, मी सर्टिफिकेट पुढे केलं, त्यांनी फक्त नंबर जुळवला. दोन मिनिटं. चाकांचं बिल दाखवलं, बायकोचा चॉकलेटचा ढीग माझ्या नाही, तिच्या सुटीत गेला (काका, हे चालतं ना? तिची तिची वस्तू?). ड्युटी भरली, पावती मिळाली. बाई म्हणाल्या, "सायकलवाले नेहमी वाद घालतात, तुम्ही पहिले."

टिंगल_मास्तर, जुनी चाकं सायकलला होती, नवी वेगळ्या बॉक्समध्ये. तुझी युक्ती वापरली असती तर नंबर जुळवताना माझा चेहरा बघण्यासारखा झाला असता.

---

निवृत्त_सीमाशुल्क | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

अभिनंदन, दोन्हींबद्दल. चॉकलेट तिने घेतली, तिच्या बॅगेत, तिच्या सुटीत. चालतं. चाकाचे दोन भाग करणं आणि दोन माणसांनी आपापली खरेदी करणं यात फरक आहे.

ती पावती मित्राला द्या, स्वतःकडे झेरॉक्स ठेवा.

---

कोल्हापुरी_पेडल | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

चौदा एक्केचाळीस! पहिल्यांदा! पांढरा रस्सा माझ्याकडून. कधी येताय?

---

थामेलचा_जाकीट | ३ फेब्रुवारी २०२६, सकाळी ८:२०

धागा वर काढतोय. बॅगेज नियम बदलले. २ फेब्रुवारीपासून नवे बॅगेज नियम २०२६ लागू. भारतीय रहिवाशांची विमानाने येतानाची मर्यादा ५०,००० वरून ७५,०००, परदेशी पर्यटकांची १५,००० वरून २५,०००. वरचे काकांचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा.

---

चढावर_दम | ३ फेब्रुवारी २०२६, सकाळी ८:४१

तीन महिने! फक्त तीन महिने थांबलो असतो तर आणखी २५,००० मोफत. मित्राला हे कोणी सांगू नका, तो या साईटवर वाचतो की नाही माहीत नाही.

---

चाकं_माझी | ३ फेब्रुवारी २०२६, सकाळी ९:१५

वाचतो.

---

टिंगल_मास्तर | ३ फेब्रुवारी २०२६, सकाळी ९:१७

😂😂😂

---

सह्याद्री_सॅडल | ५ फेब्रुवारी २०२६, रात्री ८:५०

चढावर_दम, मेमध्ये मलाही बाहेर स्पर्धेला जायचंय. तुमचा सायकलचा बॉक्स दहा दिवस भाड्याने द्याल का? मी कोथरूडलाच राहतो.

---

चढावर_दम | ५ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:२५

भाडं कसलं, घेऊन जा. रविवारी सकाळी ये. फक्त त्याच्यावर खडूची फुली अजून तशीच आहे, ओल्या फडक्याने पुसून घे.